प्लास्टर निघाल्यानंतरचे ३२० किलोमीटर

प्लास्टर कापायच्या त्या गोल करवतीची घरघर थांबली की जवळजवळ प्रत्येक पेशंट एकच प्रश्न विचारतो : "डॉक्टर, आता झालं ना सगळं?" माझं डावं मनगट मोडलं होतं तेव्हा मीही हेच विचारलं. डॉक्टरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि "उचला" एवढंच म्हणाले. प्लास्टरमधून बाहेर आलेला हात कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. बारीक, केसाळ, कातडीचे पापुद्रे सुटलेला. ग्लास उचलला खरा, पण मनगट वळेचना, त्यामुळे तो तोंडापर्यंत काही पोचला नाही. समोरच्या एक्स-रेमध्ये हाड मात्र झकास जुळलेलं दिसत होतं.

हाड जुळूनही माणूस बरा का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एका सायकल शर्यतीचा फार उपयोग झाला. ग्लास उचलण्याची परीक्षा सोपी म्हणावी इतकी ती शर्यत अवघड आहे, आणि गंभीर अपघातातून उठलेली माणसं तिथे जाऊन जिंकलेली आहेत.

१. चकमकीच्या टेकड्या

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं छोटं शहर आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथल्या कमर्शियल स्ट्रीटवर, ग्रॅनडा नावाच्या जुन्या थिएटरसमोर, दिवस उगवायच्या सुमाराला हजारो सायकलवाले जमतात. शर्यतीचं नाव अनबाउंड ग्रॅव्हल. २००६ साली ती सुरू झाली तेव्हा जेमतेम तीस-पस्तीस जण होते आणि नाव होतं 'डर्टी कांझा'. कांझा हे तिथल्या मूळनिवासी जमातीचं नाव. त्याला 'डर्टी' जोडणं बरं नव्हे, हे उशिरा का होईना पटलं आणि २०२० मध्ये नाव बदललं.

मुख्य शर्यत २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची. पुण्याहून लातूर गाठण्याइतकं अंतर, एका दमात, आणि तेही डांबर टाळून. ग्रॅव्हल म्हणजे खडी. इथले रस्ते खडी-मुरूम पसरलेले, ट्रॅक्टर आणि गुरांच्या गाड्यांसाठी केलेले. ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखीच, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. फरक टायरमध्ये. ते चाळीस-पन्नास मिलिमीटर रुंद आणि खरबरीत असतात.

या भागाला फ्लिंट हिल्स म्हणतात. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. इथल्या चुनखडीत या दगडाचे थर आहेत आणि वरची माती पातळ आहे. वसाहतवाले नांगर घेऊन आले तेव्हा फाळ या दगडावर खणखणले, आणि त्यांनी शेतीचा नाद सोडून गुरं चारायला सुरुवात केली. उत्तर अमेरिकेत एके काळी पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांपैकी आज चार टक्क्यांहून कमी उरलं आहे. त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा इथे टिकला, तो या दगडाच्या कृपेने. नांगराचा फाळ थोपवणारा हा दगड टायरला कसा सोडेल? त्याची कपची टायरच्या बगलेत ब्लेडसारखी शिरते. म्हणून इथले स्पर्धक ट्यूब वापरत नाहीत. टायरमध्ये चिकासारखा पातळ द्रव भरतात. भोक पडलं की तो बाहेर येता येता गोठतो आणि भोक बुजवतो. चीर मोठी असेल तर सायकलवाला खाली उतरतो, रबराची चिकट वात दाभणाने त्या चिरेत खुपसतो, हवा भरतो आणि पुढे निघतो.

सपाट वाटणाऱ्या या मुलखात छोट्या टेकड्या संपता संपत नाहीत. सगळे चढ जोडले तर तीन हजार मीटरच्या आसपास जातात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीवरून दोनदा कळसूबाई चढण्याच्या जवळपास. वर जूनचं ऊन आणि कुरणावर अडसर नसलेला वारा.

२. एकाच दिवसाचे दोन विजेते

करोनामुळे २०२० ची शर्यत रद्द झाली होती. ५ जून २०२१ रोजी ती पुन्हा भरली. पुरुषांत इयन बॉझवेल सव्वादहा तासांच्या आसपास वेळ देऊन पहिला आला, महिलांत लॉरेन डी क्रेसेंझो सुमारे बारा तासांत. दोघेही अमेरिकन, आणि दोघांच्याही नावावर डोक्याचा अपघात.

बॉझवेल युरोपातल्या सर्वोच्च पातळीवरचा व्यावसायिक सायकलपटू होता, टूर द फ्रान्स खेळलेला. मार्च २०१९ मध्ये इटलीतल्या तिरेनो-आद्रियातिको शर्यतीत तो पडला. मेंदूला बसलेल्या धक्क्यातून सावरायला इतका वेळ गेला की त्याने रस्त्यावरच्या शर्यतींतून निवृत्तीच घेतली.

डी क्रेसेंझोचा अपघात त्याहून भयंकर. एप्रिल २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमास शर्यतीत, शेवटच्या धावेच्या गर्दीत ती कोसळली. मेंदूला गंभीर इजा झाली, मणके मोडले, ती कोमात गेली. पुढचं पुनर्वसन कोलोरॅडोतल्या क्रेग हॉस्पिटलमध्ये झालं. मेंदू आणि मणक्याच्या इजांसाठीच ते ओळखलं जातं. नंतर तिने सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, अटलांटातल्या सीडीसी या सरकारी संस्थेत साथरोगाच्या क्षेत्रात काम केलं, आणि अपघाताला पाच वर्षं उलटल्यावर एम्पोरियात पहिली आली.

अशी गोष्ट वाचली की अंगावर काटा येतो आणि हातून एक चूक होते. परत आलेल्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. तितकेच कष्ट करूनही ज्यांना परतता आलं नाही, त्यांच्यावर कोणी प्रकरण लिहीत नाही. त्यामुळे 'मनात आणलं की सगळं होतं' हा निष्कर्ष मी काढणार नाही. मन लागतंच, पण शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या चालीने बरा होतो, आणि ती चाल मनाच्या ताब्यात नाही. आता एकेक भाग पाहू.

३. स्लॅब आणि सेंटरिंग

सुरुवात हाडापासून. मोडल्याजागी आधी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या गुठळीच्या जागी कूर्चेसारखा मऊसर सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जातं आणि सहा ते बारा आठवड्यांत तो टणक होतो. एक्स-रेवर दिसणारा पांढुरका फुगवटा तो हाच. त्यापुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षं, शरीर तो फुगवटा तासून हाडाला मूळ आकारावर आणत राहतं.

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. काँक्रीट ओतलं की खाली लाकूड-लोखंडाचं सेंटरिंग उभं असतं आणि वर रोज पाणी मारावं लागतं. प्लास्टर किंवा हाडावर बसवलेली धातूची पट्टी म्हणजे सेंटरिंग. ती हाड जुळवत नाही, जुळेपर्यंत भार पेलते. सायकलवाल्यांचं नेहमी मोडणारं हाड म्हणजे गळपट्टीचं, कारण पडताना माणूस हात पुढे करतो किंवा थेट खांद्यावर आपटतो. त्यावर पट्टी बसवून घेऊन आठवडाभरात घरातल्या स्टँडवर पॅडल मारणारे खेळाडू असतात. लोकांना वाटतं, काय चिवट हाड! हाड कुठलं चिवट, ते अजून ओलंच असतं. भार सगळा पट्टीवर.

सेंटरिंग काढल्यावरही स्लॅबवर लगेच पाण्याची टाकी चढवत नाहीत. हाडाचं मात्र स्लॅबपेक्षा एक वेगळं आहे. ज्या दिशेने भार येतो, त्या दिशेने ते स्वतःला मजबूत करतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हा नियम मांडला. भार शून्य ठेवला तर हाड विरळ होतं, एकदम टाकला तर पुन्हा मोडतं. थोडा-थोडा वाढवत नेला तर भरतं. फिजिओथेरपीचं निम्मं शास्त्र या तीन वाक्यांत आलं, असं मला वाटतं, आणि उरलेलं निम्मं म्हणजे 'थोडा' म्हणजे किती हे ठरवणं.

४. रोज एक मिलिमीटर

कोपर भिंतीवर आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या धावतात. मुंग्या येतात त्या अल्नर नावाच्या नसेमुळे. ती कोपराच्या मागून निघून मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात शिरते. सायकलच्या हँडलवर हात टेकला की भार पडतो तो नेमका याच जागी.

नस दुखावली, पण तिचं वरचं आवरण शाबूत राहिलं, तर आतला तंतू पुन्हा वाढतो. वाढीचा वेग साधारण रोज एक मिलिमीटर. हिशेब करून पाहा. कोपरापाशी नस चेंगरली आणि तिथून बोटाच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे ४०० दिवस. हाड तीन महिन्यांत जुळलं तरी करंगळीला शर्टाचं बटण कळायला वर्षभराहून जास्त काळ लागू शकतो. मधल्या काळात माणूस म्हणतो, "व्यायाम करतोय, पण काही फरकच नाही." फरक पडत असतो, रोज तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी.

खडीच्या रस्त्यावर धडधाकट माणसाचीही हीच नस मार खाते. दहा-बारा तास खडीचा थरकाप तळहातातून वर येत राहिला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. काहींना त्यानंतर कित्येक दिवस किल्ली फिरवता येत नाही. यावरचा उपाय बराचसा टायरमध्ये आहे. शर्यतीच्या अरुंद टायरमध्ये ऐंशीच्या आसपास पीएसआय हवा असते. ग्रॅव्हलच्या रुंद टायरमध्ये तीस-पस्तीस, म्हणजे तुमच्या मोटारीच्या टायरइतकीच. टायर मऊ असेल तर तो खडीवरून उसळत नाही, खडी पोटात घेतो. पूर्वी दुखावलेला हात घेऊन उतरणाऱ्यासाठी कमी केलेले पाच-दहा पीएसआय कुठल्याही वेदनाशामक गोळीपेक्षा मोलाचे ठरतात. हवा फार कमी केली तर रिम दगडावर आपटते, तेवढं बघावं लागतं.

५. तीन आठवडे खाटेवर

मोडला हात, पण दमतो जिना चढताना. हे कोडं अनेकांना पडतं. त्याचं उत्तर टेक्सासमधल्या डॅलस शहरात १९६६ साली झालेल्या एका प्रयोगात सापडतं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. आजार नाही, इजा नाही, निव्वळ पडून राहायचं. उठले तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्श्याने घटली होती. ही क्षमता म्हणजे शरीराच्या इंजिनाची ताकद : फुप्फुसांनी घेतलेला ऑक्सिजन हृदय किती पोचवतं आणि स्नायू किती वापरतात. मग आठेक आठवडे व्यायाम करून घेतल्यावर ती भरून आली.

खरी गंमत तीस वर्षांनी आली. त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं! मग सहा महिने बेताचा व्यायाम दिला, तर पन्नाशीतले ते गृहस्थ विशीतल्या, खाटेवर जाण्याआधीच्या पातळीला परत पोचले.

यातून एक सोय कळते आणि एक धोकाही. हृदय आणि स्नायू लवकर घसरतात, पण लवकर वरही येतात. स्नायूला जुनी बळकटी आठवते म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, मात्र सावकाश सुधारतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी. परिणामी चौथ्या-पाचव्या महिन्यात खेळाडूला आतून वाटतं की इंजिन तयार आहे. इंजिन खरंच तयार असतं. दोर नसतात. फिजिओ मंडळींना सर्वांत धास्ती असते ती या काळाची, पेशंट रडत असतो त्या पहिल्या महिन्याची नव्हे.

६. भांडं आणि खरवस

पातेल्यात खरवस घ्या आणि पातेलं जोरात गर्रकन फिरवून एकदम थांबवा. पातेल्याला पोचाही येणार नाही, पण आतला खरवस कडेपासून सुटेल, मधे तडकेल. कवटी म्हणजे पातेलं, मेंदू म्हणजे खरवस. हेल्मेट पातेलं फुटू देत नाही आणि आघाताचा जोर बराचसा खातं, म्हणून ते घालायलाच हवं. आतलं फिरणं मात्र त्याला पूर्ण थांबवता येत नाही. या फिरण्याने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात. इजा सौम्य असेल तर साध्या सीटी स्कॅनवर काहीच दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग डोकं का दुखतं?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो.

पूर्वी अशा पेशंटला अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहायला सांगत. आता सौम्य धक्क्यासाठी सल्ला बदलला आहे. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलकं चालणं किंवा स्थिर सायकल, आणि तिथून पायरी-पायरीने वर. त्रास ठळकपणे वाढला की थांबायचं आणि निवळल्यावर पुन्हा तिथून सुरू करायचं. पुन्हा डोक्याला मार बसू शकेल असा खेळ अगदी शेवटी, तोही डॉक्टरांनी होकार दिल्यावर.

गंभीर इजेत हिशेब महिन्यांचा आणि वर्षांचा असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग माणूस सुधारतो कसा? पुरात पूल वाहून गेला की गावकरी बांधावरून, कोणाच्या तरी शेतातून पायवाट पाडतात. आधी चिखल, मग मळलेली वाट, वर्ष-दोन वर्षांत बैलगाडी जाईल इतकी रुंद. मेंदूतही उरलेले तंतू नव्याने जोडले जातात आणि जोडणी पक्की होते ती तीच गोष्ट शेकडो वेळा केल्याने. म्हणून पुनर्वसनात चमचा धरणं, एका पायावर उभं राहणं, तारीख सांगणं हे सगळं कंटाळा येईपर्यंत करून घेतात. वाट जाऊन-येऊनच मळते.

सायकलीवर याचा विशेष कस लागतो. खडीवर पुढचं चाक दर सेकंदाला थोडं घसरतं. डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि पाठीचे स्नायू यांना न बोलता एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं. दहाव्या तासाला दमलेला मेंदू नवी वाट विसरू लागतो. त्या वेळी जिथे धडधाकट माणूस उतारावर अंदाजाने चाक सोडतो, तिथे डोक्याला इजा झालेल्याने ब्रेक धरावा, असं मला मनापासून वाटतं. तो ब्रेक अनेकदा भीतीनेच धरला जातो, आणि ती भीती दर वेळी वाईट नसते.

७. पन्नास भाकऱ्या

एक छोटं गणित. समजा कोणी बारा तास सरासरी १५० वॅट ताकदीने पॅडल मारलं. बारा तास म्हणजे ४३,२०० सेकंद. गुणाकार केला की चाकाला दिलेली ऊर्जा ६,४८० किलोज्यूल होते. शरीर आपल्या इंधनाचा पाव हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतं, उरलेल्याची उष्णता होते, आणि योगायोगाने एका कॅलरीत चार किलोज्यूलहून किंचित जास्त असतात. दोन्ही चार एकमेकांना कापतात, म्हणून जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच कॅलरी जळाल्या असं धरायचं. सुमारे ६,५००. ज्वारीच्या एका भाकरीत १३० कॅलरी धरल्या तर पन्नास भाकऱ्या.

शरीरात साठवलेली साखर फार तर दोन हजार कॅलरींची. म्हणून तासाला ८० ग्रॅम साखर पोटात जात राहावी लागते. बारा तासांत ९६०, जवळजवळ किलोभर! नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतडं तासाला साठेक ग्रॅमच आत घेतं. फळांतली साखर दुसऱ्या दाराने जाते, म्हणून दोन्ही मिसळून घेतात, जशी दोन दारांची एसटी लवकर भरते. हेही आधी काही आठवडे सरावून घ्यावं लागतं, नाहीतर अर्ध्या वाटेत पोट उलटतं. शरीराची चरबीही सोबत जळत असते, त्यामुळे वजाबाकी जुळते.

इजा झालेले खेळाडू याच्या नेमकं उलट वागतात. हालचाल बंद झाली, आता वजन वाढेल, म्हणून ते जेवण तोडतात. हाड भरायला, स्नायू टिकायला प्रथिनं आणि ऊर्जा दोन्ही लागतात. स्लॅबला पाणी मारायच्या दिवसांत नळ बंद करण्यासारखं आहे ते. आमच्या आज्जी हाड मोडलेल्याला डिंकाचे लाडू करून घालायच्या. डिंकाने हाड चिकटतं हा त्यांचा समज सोडून द्या, पण खोबरं, खारीक, तूप, सुकामेवा आणि जेवणाआधी एक हा शिरस्ता चुकीचा नव्हता.

८. चिखल

२०२३ च्या शर्यतीत सुरुवातीच्याच टप्प्यात पावसाने भिजलेला कच्चा रस्ता लागला. तिथल्या चिखलाला लोक शेंगदाण्याच्या लोण्याची उपमा देतात. आपल्याकडे काळ्या रानात पावसाळ्यात ज्याने बैलगाडी घातली आहे, त्याला उपमा लागणार नाही. चाक दोन फेरे फिरलं की चिखल टायर आणि चौकटीच्या फटीत गच्च बसतो आणि सायकल जागेवर थांबते. जोर लावून पॅडल मारलं तर गिअरचा सांगाडाच मोडतो, तसे त्या दिवशी अनेकांचे मोडले आणि शर्यत तिथेच संपली. बाकीचे उतरले, सायकल खांद्यावर घेतली आणि कडेच्या गवतातून चालू लागले.

आता सायकलवाल्याच्या हाडांचा विचार करा. सायकल चालवताना वजन खोगिरावर असतं, पायांवर आदळत नाही. गुडघा-घोट्याच्या इजेनंतर सायकल लवकर सुरू करू देतात ती यामुळेच. याचीच दुसरी बाजू अशी की आदळआपट नसल्याने हाडाला भक्कम होण्याचा निरोपच मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्या खेळाडूंच्या कण्याची हाडं धावपटूंपेक्षा विरळ आढळतात. अपघातानंतर सहा महिने स्टँडवर पॅडल मारून कमावलेली छाती आणि मांड्या घेऊन माणूस एम्पोरियाला जातो, आणि शर्यतीच्या पहिल्याच तासात त्याच्याकडे मागणी येते ती नऊ-दहा किलो खांद्यावर घेऊन चिखलातून चालण्याची. एकदा मोडलेल्या गळपट्टीच्या हाडावर, बऱ्याचदा आतल्या धातूच्या पट्टीच्या नेमकं वर, सायकलीची नळी टेकलेली.

म्हणून तिथे जायचं ठरवलेल्या, पूर्वी पडलेल्या माणसाच्या सरावाच्या वहीत मला आणखी दोन नोंदी असाव्याशा वाटतात. आठवड्यातून दोनदा जिने. महिन्यातून दोनदा सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास ओल्या रानातून चालणं. आणि जर्सीच्या मागच्या खिशात, जेलच्या पाकिटांशेजारी, रंगाचा डबा ढवळायची लाकडी पट्टी. माहीतगार मंडळी ती घेऊनच निघतात. चाकाच्या फटीतला चिखल खरवडायला तिच्याइतकं हाताशी येणारं दुसरं काही नाही. दर शंभर पावलांवर थांबायचं, पट्टी फिरवायची, आणि सायकल पुन्हा खांद्यावर घ्यायची. शक्यतो न मोडलेल्या.